दापोलीची थंडी आणि २००५ ची डिझेल इंडिका: प्रकल्प नोंदी

२२ नोव्हेंबर

गाडी टाटा इंडिका व्ही टू, २००५ चं मॉडेल, डिझेल, टर्बो वगैरे काही नाही, साधं १४०५ सीसीचं इंजिन. बाबांनी नवीन घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, बॉडी सुस्थितीत आहे, ॲव्हरेज आजही चांगलं देते, त्यामुळे विकायचा विषय नाही. विषय एवढाच की थंडीच्या दिवसांत सकाळी ती पहिल्या सेल्फला उठली पाहिजे.

कोकणात कसली आलीये थंडी म्हणणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत दापोलीत पहाटे साडेपाचला अंगणात उभं राहून बघावं. गाव साधारण आठशे फुटांवर माळावर वसलंय, उगाच मिनी महाबळेश्वर म्हणत नाहीत, पारा कधीकधी दहाच्याही खाली जातो. खाली हर्णै, मुरूड, आंजर्ला ह्या पट्ट्यात समुद्रामुळे तेवढं गार होत नाही. फरक किती तर आत्याकडे हर्णैला मुक्काम केला की सकाळी गाडी चटकन सुरू होते आणि तीच गाडी वर दापोलीत आमच्या अंगणात घर्र घर्र करत राहते, मग एखादा सिलेंडर पकडते, डोळे चुरचुरतील असा पांढरा धूर मारते, थरथरते आणि मिनिटभराने सुरळीत होते. एकदा गरम झाली की दिवसभर कुठेही बंद करा, पटकन सुरू.

बाबांना तपासणीला चिपळूणला न्यावं लागतं, उजाडायच्या आत निघावं लागतं म्हणजे खेड, परशुराम घाट करून वेळेत पोचता येतं, तिथे गाडीची खात्री नसेल तर चालत नाही. म्हणून ह्या वर्षी नीट बसून एकेक गोष्ट तपासायची, आधी मोजायचं, मग हात लावायचा, परत मोजायचं, आणि इथे लिहून ठेवायचं असं ठरवलंय.

२५ नोव्हेंबर

हत्यारं काढायच्या आधी डोक्यात स्पष्ट असावं म्हणून लिहितो. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून दाबून एवढी गरम करायची की डिझेल फवारल्याबरोबर आपोआप पेटलं पाहिजे. आमचं इंजिन जुन्या पद्धतीचं आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन), म्हणजे नोझल थेट सिलेंडरमध्ये फवारत नाही, हेडमध्ये एक छोटी कोठडी असते तिच्यात फवारतं. ह्या कोठडीच्या थंडगार भिंती दाबलेल्या हवेची उष्णता खाऊन टाकतात, म्हणून कंप्रेशन (हवा किती पट दाबली जाते ते) २२ च्या आसपास ठेवूनही ह्या इंजिनांना सकाळी हीटर प्लगची, म्हणजे कोठडीत विजेवर तापणाऱ्या बारीक कांडीची, मदत लागतेच. नंतरच्या डायरेक्ट इंजेक्शनवाल्या गाड्या आपल्याकडच्या हवेत हीटरशिवायही बऱ्याचदा उठतात, आयडीआयचं तसं नाही.

म्हणजे सकाळच्या स्टार्टिंगला तीन गोष्टी पाहिजेत. इंजिन पुरेशा वेगात फिरलं पाहिजे (हळू फिरलं तर दाबलेली हवा रिंगांमधून निसटते आणि उष्णताही तेवढा वेळ भिंतींत जाते), हीटर तापले पाहिजेत, आणि डिझेल पहिल्या फेऱ्यापासून नोझलपर्यंत पोचलं पाहिजे. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ, म्हणजे निदान काही प्रमाणात तरी डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये. निळा धूर असता तर ऑइल जळतंय म्हणून वेगळी काळजी करावी लागली असती.

२ डिसेंबर

पहाटे अंगणातल्या थर्मामीटरवर १४. आज फक्त व्होल्टेज. पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) वायर काढून ठेवली म्हणजे सेल्फ मारला तरी इंजिन चालू होत नाही आणि निवांत मोजता येतं. किल्ली फिरवायला बाबा बसले.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.५. पूर्ण भरलेली १२.६ ते १२.७ दाखवते, म्हणजे ठीक. सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर १०.१. हेही ठीक, साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्यायचा. पण मल्टीमीटर उचलून सेल्फच्याच मोठ्या बोल्टवर आणि सेल्फच्या बॉडीवर लावला तर तिथे फक्त ८.४! बॅटरी देतेय १०.१ आणि सेल्फला मिळतंय ८.४, मधले १.७ व्होल्ट वाटेतच गायब.

मग एकेक बाजू. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत १.१, पॉझिटिव्ह बाजूला ०.६. आर्थिंगच्या, म्हणजे निगेटिव्ह बाजूला ०.२-०.३ च्या वर जाऊच नये. सेल्फ मारताना सहज अडीचशे अँपिअर करंट जातो, तेव्हा १.१ व्होल्ट म्हणजे पावणेतीनशे वॉट निव्वळ वायर तापवण्यात चाललेत. हात लावून बघितला तर आर्थिंगची वायर टोकाशी खरंच कोमट लागली.

चाचांना (गॅरेजवाले, आमच्या गाडीला पहिल्यापासून तेच बघतात) फोन करून आकडे सांगितले. ते म्हणाले, "बॅटरी बदलू नकोस हां कुणाच्या सांगण्यावरून. आधी आर्थिंग काढून आत बघ. इकडे सगळं खारं वारं खातं."

३ डिसेंबर

आर्थिंग काढली. ही नोंद जरा लांब होणार, पण ह्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे असं मला वाटतं.

इंजिनपासून बॉडीला जाणारी जाड वायर. वरून बघितली तर काळं रबर गुळगुळीत, लग (वायरच्या टोकाचं बोल्टखाली बसणारं कडं) जागच्या जागी, बोल्ट घट्ट. सांगितलं असतं कुणी की ही खराब आहे तर पटलं नसतं. लगपासून चार बोटं अंतरावर ब्लेडने रबर उभं चिरलं आणि उलगडलं तर आत तांब्याचा लाल रंग कुठेच नाही, तारा काळ्या पडलेल्या, त्यांच्यामध्ये हिरवट पूड भरलेली, बोटाने चोळली तर तारेचे बारीक तुकडे पुडीबरोबर निघून आले. लगजवळच्या निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या. दुसऱ्या टोकाला चिरत गेलो तर वीतभर आत गेल्यावर तांबं परत लाल दिसायला लागलं. म्हणजे लगच्या तोंडातून खारट ओल आत शिरलीये आणि पावसाळ्यामागून पावसाळे तशीच रबराच्या आत चढत गेलीये. बाहेरून पॉलिश पेपर मारून, ग्रीस लावून ह्याला काही उपयोग झाला नसता.

नवीन वायर चाचांकडेच बनवून घेतली, ३५ स्क्वेअर मिमीची, लग दाबून वर सोल्डर भरलं आणि तोंडावर आत गोंद असलेली श्रिंक ट्यूब चढवून गरम केली म्हणजे तिथून ओल आत जायला वाटच नाही. बॉडीवर जिथे बोल्ट बसतो तिथला रंग आणि गंज खरवडून चकचकीत पत्रा काढला, बोल्ट आवळला, मग वरून व्हॅसलीन. क्रम महत्त्वाचा आहे, आधी धातूला धातू घट्ट लागला पाहिजे, व्हॅसलीन नंतर बाहेरून. पॉझिटिव्ह वायरचं सेल्फकडचं टोक कापून नवीन लग लावला, तिथे वायर आत चांगली होती.

परत मोजलं. सेल्फवर ९.५, आर्थिंगचा लॉस ०.१५, पॉझिटिव्हचा ०.२५. बॅटरीच्या खुंटीवर मात्र आधी १०.१ होते ते आता ९.९ दिसतात, बाबांनी विचारलं हे कमी कसं झालं. वाट मोकळी झाल्यामुळे सेल्फ आता जास्त करंट ओढतोय, म्हणून बॅटरी थोडी जास्त दबते, त्यात काळजीचं काही नाही. फिरण्याचा आवाजच बदललाय, आधी घर्रर… घर्रर… व्हायचं, आता सलग फिरतं.

किनारपट्टीवर जुनी डिझेल गाडी असेल त्या प्रत्येकाने बॅटरीला पैसे घालायच्या आधी हे एक माप घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. मीटर दोन-तीनशे रुपयात मिळतो.

९ डिसेंबर

आता पहाटे १३. फरक स्पष्ट आहे पण पहिल्या सेल्फला अजून नाही, पांढरा धूर आहेच. हीटर प्लगचा नंबर.

चारही प्लग एका पत्र्याच्या पट्टीने जोडलेले असतात. पट्टी काढून प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स घेतला, मीटरच्या वायरींचा स्वतःचा ०.२ वजा करून. पहिला ०.८ ओहम, दुसरा उघडा म्हणजे मेलेला, तिसरा ०.९, चौथा पण मेलेला. थोडक्यात रोज सकाळी चारातले दोनच सिलेंडर तापत होते. डॅशबोर्डवरचा हीटरचा कॉइलवाला दिवा मात्र इतके दिवस शिस्तीत लागत होता आणि विझत होता! तो दिवा फक्त टायमर सांगतो, प्लग तापलाय का हे तो सांगत नाही.

काढताना घ्यायची काळजी: इंजिन गरम असतानाच काढायचे आणि घाई करायची नाही, कारण बारीक प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवायची पाळी येते. आदल्या दिवशी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला, गाडी बाजारापर्यंत फिरवून आणली, मग लांब बॉक्स पान्याने थोडं पुढे, थोडं मागे असं करत सोडवले. चौथ्याने बराच वेळ घेतला. टोकाला काजळी घट्ट बसलेली.

चारही नवीन घेतले. दोनच बदलून पैसे वाचतात खरे पण उरलेले दोन त्याच वयाचे, पुढच्या थंडीत परत हेच काम निघणार. बसवण्याआधी प्रत्येक प्लग बॅटरीवर तपासला, व्हाइसमध्ये धरून, जाड वायरने, आपण लांब राहून. टोक काही सेकंदात लालबुंद झालं पाहिजे आणि लाली टोकापासून सुरू झाली पाहिजे. आवळताना जोर नाही, १५ ते २० न्यूटन मीटर पुरे.

१० डिसेंबर

कालचं अर्धवट राहिलेलं. नवीन प्लग लावल्यावर हीटर चालू असताना बॅटरीवर ११.५ आणि प्लगच्या पट्टीवर ९.६. परत तीच गोष्ट, जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत. एकेक प्लग दहा-बारा अँपिअर ओढतो, चार मिळून चाळीसच्या वर, सुरुवातीला त्याहून जास्त, त्यामुळे रिलेचे (प्लगना करंट जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जरा जरी काळे पडले तरी लगेच मार बसतो. आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, ११.५ च्या जागी ९.६ म्हणजे साधारण तीस टक्के उष्णता गेली. नवीन प्लग घालूनही गाडी तशीच राहिली असती आणि आपण प्लगना नावं ठेवत बसलो असतो.

रिले बदलला, फ्यूजच्या टोकांना पॉलिश पेपर मारला. आता पट्टीवर ११.१.

१७ डिसेंबर

थंडी पळाली, ढगाळ, पहाटे १९. गाडी लगेच सुरू. अशा हवेत काही सिद्ध होत नाही म्हणून नोंद एवढीच. आंबावाले मात्र कावलेत, मोहोराला थंडी हवी आणि वर ढग. आमच्याही कलमांची तीच अवस्था.

२७ डिसेंबर

थंडी परत आली, १२. सेल्फ जोरात फिरतो, हीटर तापतात, तरी तीन-चार सेकंद काहीच होत नाही, धूरसुद्धा नाही. मग एकदम पकडते. धूरच नाही म्हणजे तेवढा वेळ डिझेल पोचतच नाहीये. आधीच्या पांढऱ्या धुराच्या गोंधळात हे दिसत नव्हतं, आता दिसतंय.

एक निरीक्षण बाबांचं. "अरे, गाडी उतारावर तोंड खाली करून लावली की बरी सुरू होते, वर तोंड करून लावली की त्रास देते." आमचं अंगण उतरतं आहे, दोन्ही रात्री करून बघितलं, बरोबर निघालं. तोंड वर असलं की डिझेल रात्रभरात पाइपातून हळूहळू मागे टाकीकडे ओघळतं आणि त्याच्या जागी कुठूनतरी हवा शिरते. चाचांच्या भाषेत गाडी एअर घेतेय.

२९ डिसेंबर

फिल्टर ते पंप ह्या मधल्या पाइपाच्या जागी तात्पुरता पारदर्शक पाइप टाकला. रात्री स्वच्छ डिझेल दिसत होतं. सकाळी टॉर्च घेऊन बघितलं तर पाइपात बोटभर लांबीची हवा, मागे अजून छोटे फुगे. फिल्टरवरचा हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) तो कडक होईपर्यंत दाबला, मग सेल्फ मारला तर एका झटक्यात सुरू. निदान पक्कं.

हवा शिरायची जागा शोधायला वेळ गेला. डिझेल बाहेर गळत असेल तर ओल दिसते, पण जिथून फक्त हवा आत ओढली जाते तिथे बाहेर काहीच दिसत नाही. फिल्टरचं सील बदललं, फरक नाही. क्लिपा बदलल्या, थोडा फरक. शेवटी नोझलवरचे बारीक रिटर्न पाइप (उरलेलं डिझेल परत नेणारे), वर सुती जाळीचं विणकाम असतं ते, चिमटीत धरून वाकवले तर जाळीच्या आतलं रबर कटकट मोडलं. उष्णतेने पार वाळलेले. चारी तुकडे आणि टोकाचा बूच नवीन. मीटरच्या मापाने मिळतो हा पाइप, अगदी स्वस्त, फक्त डिझेलसाठीचाच घ्यायचा, पेट्रोल बाइकचा प्लास्टिकचा नाही, तो थोड्या दिवसांत ताठ होतो.

फिल्टर उघडलाच होता तर खालून पाणी काढलं, वाटीभर डिझेलच्या तळाशी पाण्याचा थर स्पष्ट दिसत होता. आपल्या दमट हवेत टाकी अर्धी रिकामी ठेवली की आत ओल धरते, म्हणून पावसाळ्यात आणि थंडीत टाकी वर ठेवायची सवय बरी.

४ जानेवारी

ह्या आठवड्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी प्रेमाने दिलेले सल्ले आणि मला त्याबद्दल जे वाटतं ते.

थोडं रॉकेल घाल म्हणजे डिझेल गोठणार नाही. आपल्याकडे डिझेल गोठतच नाही हो. भारतीय मानकात (आयएस १४६०) थंडीच्या महिन्यांतल्या डिझेलचा फिल्टर चोंदायचा बिंदू जास्तीत जास्त ६ अंश आणि ओतण-बिंदू ३ अंश ठेवलाय, उन्हाळ्यात हेच आकडे १८ आणि १५. दापोलीत अगदी कडाक्याच्या पहाटेही टाकीतल्या डिझेलला मेण धरायला कारण नाही. खरा प्रश्न लडाखमध्ये येतो, तिथे लोक पूर्वी रॉकेल मिसळायचे, आणि म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशापर्यंत ओतता येणारं खास हिवाळी डिझेल तिकडे आणलं. शिवाय आमच्या गाडीचा रोटरी पंप आतून डिझेलनेच वंगण घेतो, रॉकेल पातळ आणि कोरडं, पंप झिजला की त्याचा खर्च बाकी सगळ्या कामाच्या वर जातो.

एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मार. हीटर प्लगवाल्या इंजिनात कधीच नाही. ईथर असतं त्यात, लालबुंद प्लगवर ते वेळेच्या आधी भडकतं, पिस्टन, रिंगा, हेड काहीही जाऊ शकतं.

ढकलून सुरू कर. टायमिंग बेल्टचं इंजिन आहे, बेल्ट जुना असेल तर गिअर टाकल्यावरच्या धक्क्याने दात सुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. आमचा बेल्ट वेळेत बदललेला आहे तरीही नको.

ऑइल चेंबरखाली निखारे ठेव. ट्रकवाले पूर्वी करायचे, मीही ऐकलंय. अंगणात वाळका पाचोळा, गाडीखाली डिझेलचे पाइप, घरात म्हातारी माणसं. अजिबात नाही.

७ जानेवारी

ऑइल बदललं. आधी कुठल्यातरी सर्व्हिसला २०डब्ल्यू-५० टाकलेलं होतं, आता १५डब्ल्यू-४०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जेवढा लहान तेवढं ऑइल थंडीत पातळ राहतं, १५डब्ल्यू उणे वीसच्या कसोटीला उतरलेलं असतं तेव्हा आपल्या हवेला भरपूर झालं. सेल्फवरचा भार थोडा कमी होतो आणि ऑइल वर पटकन चढतं.

बॅटरी चाचांकडे लोड टेस्टरवर लावली, पास. अल्टरनेटर १४.१ देतोय. बॅटरी मुळात मरते ती उन्हाळ्यातल्या बॉनेटखालच्या उष्णतेने, थंडीत फक्त ते उघडकीला येतं, म्हणून पुढची टेस्ट मे संपताना करायची.

१४ जानेवारी

संक्रांत. पहाटे पावणेसहाला थर्मामीटरवर ९.५, ह्या मोसमातली आत्तापर्यंतची सगळ्यात गार सकाळ. काच दवाने पांढरी. गाडी मुद्दाम तोंड वर करून लावलेली, रात्रभर झाकण नाही, प्रायमर दाबला नाही. किल्ली हीटरवर, दिवा विझला, मनात पाच मोजले कारण आयडीआयच्या कोठडीला दिव्यानंतर थोडा जास्त वेळ दिलेला मानवतो, मग सेल्फ. दुसऱ्या फेऱ्याला पकडली. धूर एक झुळूक, दहा सेकंदांत गायब, चारही सिलेंडर पहिल्यापासून एका लयीत. बाबा ओटीवरून ऐकत होते, त्यांनी आतूनच विचारलं "झाली सुरू?" आणि मला फार बरं वाटलं. आईने तिळगूळ गाडीच्या डॅशबोर्डवर पण ठेवला.

२ फेब्रुवारी

चिपळूणच्या फेऱ्या व्यवस्थित चालल्यात, सकाळी निघताना अडचण नाही. पारदर्शक पाइप काढून जागी नवीन रबरी पाइप बसवला, काढण्यापूर्वी सकाळी बघितलं, एकही फुगा नव्हता.

राहिलेली कामं. तिसऱ्या सिलेंडरचं नोझल थंड असताना किंचित खडखडतं, गरम झाल्यावर नाही, बहुतेक थेंब सोडत असावं. नोझलं काढून पंपवाल्याकडे टेस्टिंगला न्यायची, आयडीआयची नोझलं साधारण सव्वाशे-दीडशे बारला उघडतात, किती दाबाला उघडतंय आणि त्याच्या खाली टोक कोरडं राहतंय का हे मशीनवर दिसेल. नोझल काढली की खालचे वायसर नवीनच टाकायचे. त्याच वेळी नोझलच्या भोकातून कंप्रेशन पण बघून घेऊ. व्हॉल्व्ह क्लिअरन्स पण तेव्हाच.

पावसाळ्याआधी म्हणजे मेच्या शेवटी आर्थिंगची दोन्ही टोकं, सेल्फचा बोल्ट आणि हीटरची पट्टी परत मोजायची, आजचे आकडे शेजारी लिहून ठेवलेत: ०.१५, ०.२५, ११.१. ह्यातला कुठलाही आकडा सरकला तर तिथूनच सुरुवात करायची.